सातवा मणका

काजीपुऱ्यातली मेहरुन्निसा हट्टी होती, यावर गल्लीत दुमत नव्हतं. ती नेकही होती, हे मात्र लोक फार उशिरा म्हणू लागले, आणि तेही एका अशा जनावरामुळे, जे नाशकात कुणी जिवंत पाहिलं नव्हतं आणि पुढेही कुणी पाहणार नव्हतं. त्याआधी तिच्याबद्दल कुणी काही बोलतच नसे. बोलणार तरी काय? बद्रुद्दीन फणीवाल्याची बायको, एवढीच तिची ओळख. हातावर जुने चटके, नखांत कायमचा पांढरा भुगा, आणि तोंड उघडलं की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं असा आवाज.

बद्रुद्दीनच्या फण्या म्हशीच्या शिंगाच्या. शिंग भिजवायचं, निखाऱ्यावर मऊ करायचं, दाबून सपाट करायचं आणि मग बारीक करवतीने एकेक दात पाडायचा. शिवाय हाडाचं काम वेगळं. पंचवटीतल्या भाजीवाल्यांच्या सुऱ्यांना हाडाच्या मुठी लागत, त्या बद्रुद्दीनच्याच दुकानातून जात. मूठ हलायला लागली असं सांगत कुणी परत आल्याचं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं.

याचं कारण काजळी. मूठ दोन फाकांची असते आणि त्या फाका सुरीच्या पात्यामागच्या लोखंडी पट्टीला दोन बाजूंनी चिकटतात. बद्रुद्दीन त्या पट्टीला दिव्याची काजळी लावायचा, हाडाची फाक तिच्यावर दाबायचा आणि उचलून बघायचा. जिथे काळं उठलं तिथे उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. सगळीकडे सारखं काळं उठलं की समजायचं, आता ही मूठ माणूस मेला तरी हलणार नाही. ही रीत त्याच्या बापाची, त्याने ती बायकोला शिकवली.

आणि शिकवली ते बरंच झालं. कारण तीन वर्षांपूर्वी बद्रुद्दीनचे हात थरथरायला लागले. आधी डावा, मग उजवा. हकीम झाले, दवाखाना झाला, दर्ग्याचा धागा झाला. हातांनी काही ऐकलं नाही. तेव्हा मेहरुन्निसेने एक शब्द न बोलता करवत उचलली आणि ती आतल्या खोलीत कामाला बसली. बद्रुद्दीन पुढच्या फळीवर बसायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, आणि मांडीवर शाल टाकून हात तिच्याखाली दडवायचा. भर वैशाखातसुद्धा शाल! लोक म्हणायचे, बद्रुद्दीनला आता थंडी सोसत नाही. तो हसून म्हणायचा, "वय झालं, भाऊ."

तिला याचं काही वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण नवऱ्याच्या नावाला धक्का लागलेला तिला खपला नसता. चाळीस वर्षं ज्या हातांनी घर चालवलं ते आता चहाची बशी धरू शकत नाहीत, हे गल्लीला कळायची काही गरज नाही, असं तिचं स्वच्छ मत होतं.

तर त्या पस्तीस सालच्या सप्टेंबरात शाळेचा शिपाई बुधा टांग्यातून एक खोकं घेऊन आला. मागोमाग शाळेत शास्त्र शिकवणारे गायधनी मास्तर घाम पुसत उतरले. गायधनी मास्तर म्हणजे सज्जन माणूस, पण पुस्तकातला माणूस. पुस्तकात पाऊस असला तर हे उन्हातही छत्री उघडतील.

"बद्रुद्दीन," मास्तर म्हणाले, "एक मोठं काम आणलंय तुझ्याकडे. आमचा एक जुना विद्यार्थी जहाजावर डॉक्टर आहे. त्याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून शाळेला भेट पाठवलीय. एका अख्ख्या जनावराची हाडं. इंग्रजीत त्याला मॅनाटी म्हणतात, आपण समुद्रगाय म्हणू. संमेलनाच्या आत सांगाडा जोडून हवा. हाडाचं काम करणारा नाशकात तुझ्याशिवाय आहे कोण?"

"समुद्रात गाय?" बुधा म्हणाला. "आन् मास्तर, तिची धार कोण काढतं?"

"तिची पिल्लं काढतात," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "मासा नव्हे तो. अंगावर पाजतो, हवेत श्वास घेतो आणि पाण्याखालचं गवत खातो."

बद्रुद्दीनने शाल सावरत खोक्यात डोकावून पाहिलं. वरच एक बरगडी होती, पांढरी शुभ्र, केळ्यासारखी जाड. त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "वा! याची मूठ केली तर हस्तिदंत म्हणून खपेल." मास्तर हसले. बुधाही हसला. या एका वाक्याने पुढे काय आग लावली, ते येईलच.

खोकं आतल्या खोलीत गेलं आणि मेहरुन्निसेने कामाला हात घातला. हाडं आधी चुन्याच्या पाण्यात, मग माळवदावर उन्हात. वाळली तशी तिने ती चटईवर मांडायला घेतली. आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं की हे प्रकरण शेळी-म्हशीच्या हिशोबात बसणारं नाही.

बरगडी उचलली तर काय जड! एका बरगडीचं टोक तुटलेलं होतं. तिने आत पाहिलं. आतही हाडच. पोकळी नाही, मगज नाही, कशाचा मागमूस नाही, धोंड्यासारखं भरीव. उभ्या जन्मात तिने असं हाड पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी मास्तर काम बघायला आले तेव्हा तिने आतूनच विचारलं, "मास्तरसाहेब, या बिचारीला एवढं ओझं कशाला दिलंय?"

मास्तर खूश झाले. त्यांना विचारलेलं फार आवडे. "अहो बाई, फुप्फुसात हवा भरली की कुठलंही जनावर वर तरंगणार. हिला तर तळाशी चरायचंय. मग कोळी जाळ्याला दगड बांधतात ना, तसे हिच्या अंगातच दगड बांधलेत."

मग वल्ह्यासारखा पंख. तिला वाटलं, आत माशासारखे काटे असतील. जोडत गेली तर काय, खांदा, कोपर, मनगट आणि पाच बोटं! पुडीत वेगळी बांधलेली नखंसुद्धा होती, हत्तीच्या पायाला असतात तशी, लहान. ती कितीतरी वेळ आपला पंजा त्या पंजाशेजारी ठेवून बघत बसली. मास्तरांनी सांगितलं की हत्ती हा हिचा लांबचा नातेवाईक. "शोभतो," ती म्हणाली.

सगळ्यांत जास्त तिला जबडा आवडला. पुढचे दात नाहीतच, नुसत्या दाढा. त्यातल्या पुढच्या झिजून सपाट, अगदी पडायला आलेल्या, आणि मागच्या कोऱ्या करकरीत. पार मागे तर हाडातून एक नवी दाढ डोकं काढत होती. दाढा मागून उगवतात आणि रांगेने पुढे सरकतात. पुढची पडते, मागची तिची जागा घेते. गवताबरोबर वाळू चावणाऱ्या जनावराला जन्मभर पुरेल अशी सोय. "अजी, बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या चार दाढा गेल्या त्या गेल्याच. आणि हिचा थाट बघा!"

"मग पुढच्या जन्मी समुद्रगाय होतो," बद्रुद्दीन म्हणाला. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं झालं.

मागचे पाय नव्हतेच. फक्त दोन चिमुकली हाडं होती, कमरेची, पाय हरवून बसलेली. ती तिने तारेने हलकेच टांगली.

आणि मग मान आली.

मानेचे मणके ओळखायला सोपे, त्यांना बरगडी लागत नाही. तिने मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहा. खोक्यातला पेंढा काडी काडी करून झाडला, माळवद झाडलं, चुन्याच्या पाण्याचा तळ चाळला. सहाच.

आता हाडाचं काम करणाऱ्याला एक गोष्ट झोपेतही पाठ असते, मानेत सात. शेळी घ्या, म्हैस घ्या, उंट घ्या, माणूस घ्या. बद्रुद्दीनच्या बापाने त्याला हेच शिकवलं होतं आणि मास्तरांच्या पुस्तकातही हेच छापलेलं होतं. बद्रुद्दीनच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मेहरू, मी त्या दिवशी मुठीचं बोललो होतो ना? बुधाही ऐकत होता. मास्तर म्हणणार, बद्रुद्दीनने एक मणका विकला."

"आपण नाही विकला."

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. तिसऱ्याला कोण सांगणार?"

आणि मग त्यांनी जे केलं, ते हाडाचा कारागीरच करू जाणे. शिंपी असता तर हात जोडून म्हणाला असता, साहेब, एक कमी आहे. पण ज्याला हाड घडवता येतं त्याला ते घडवायची बुद्धी होते. मेहरुन्निसेने म्हशीच्या खुब्याचं हाड घेतलं आणि दोन दिवस खपून सातवा मणका केला. चहाच्या पाण्याने रंग जुळवला. इतका हुबेहूब की करणारीलाच क्षणभर ओळखू येईना. मास्तर आले, वाकून त्यांनी मान मोजली, बोट लावून मोजली. "पाच, सहा, सात! शाब्बास, बद्रुद्दीन!" बद्रुद्दीनने शालीखालून मान डोलावली.

झालं, संपलं, असं कुणालाही वाटलं असतं. पण मेहरुन्निसेला चैन पडेना. मान बसत नव्हती. डोकं उगाच पुढे आल्यासारखं दिसे आणि मानेला नको तिथे बाक येई. तिने तार सैल केली, घट्ट केली. काही फरक नाही. शेवटी चौथ्या दिवशी सकाळी तिने दिव्याची काजळी काढली.

मणक्याच्या पाठीकडे दोन लहान चपट्या जागा असतात. मागच्या मणक्याच्या तशाच दोन जागांवर त्या जन्मभर घासत असतात. तिने आपण केलेल्या मणक्याला काजळी लावून तो दाबला. तीन ठिपके उठले, बाकी कोरं. मग तो बाजूला ठेवला आणि सहाव्या मणक्याला काजळी लावून तो थेट पहिल्या बरगडीच्या मणक्याशी भिडवला. उचलून पाहिलं. दोन्ही जागा काठोकाठ काळ्या. एवढी नीट बसलेली मूठ तिनेही कधी केली नव्हती.

म्हणजे हरवलं काहीच नव्हतं. या जनावराच्या मानेत सहाच होते.

"आता काय उपयोग?" बद्रुद्दीन म्हणाला. "मास्तरांनी सात मोजलेत. सगळ्यांना पटलंय."

"हाडाला पटलेलं नाही."

"अगं, हाड काय चौकीवर जाणार आहे का तक्रार द्यायला?"

"नाही जाणार. म्हणून तर मला काढायला हवा." आणि तिने तार सोडून तो सातवा मणका काढला. बद्रुद्दीन दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बुधा हातगाडी घेऊन आला आणि सांगाडा शाळेत गेला, सहा मणक्यांसकट.

संध्याकाळ व्हायच्या आत गायधनी मास्तर गल्लीत हजर. बरोबर बुधा. आवाज चढलेला, कान लाल.

"बद्रुद्दीन, मी स्वतः सात मोजले होते. या बोटाने. आज सहा आहेत. सातवा कुठे गेला?"

आजूबाजूच्या फळ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. शालीखाली बद्रुद्दीनचे हात असे हलत होते की शालच हलत होती.

"मी बोललो व्हतो ना मास्तर," बुधा म्हणाला. "पयल्याच दिवशी यांची नजर हाडावर. म्हनं हस्तिदंत म्हणून खपंल."

मेहरुन्निसा आतून बाहेर आली. डोक्यावरची चादर सारखी केली आणि तो घडवलेला मणका तिने मास्तरांच्या हातात ठेवला. "हा तुमचा सातवा. हा आम्ही केलेला आहे, म्हशीच्या हाडाचा. जनावराच्या मानेत सहाच होते."

तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की सुटलो. कसलं काय! मास्तरांनी तो मणका उलटापालटा करून पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. "म्हणजे खरा काढून विकला आणि हा खोटा लावलात! आणि पकडले जाल म्हणून आता हाही काढलात!"

गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "तरीच." त्या एका शब्दाचा तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चाळीस वर्षांत एक मूठ हलली नाही त्या माणसाला तरीच?

"शनिवारपर्यंत मणका शाळेत आला नाही तर चौकीवर कळवावं लागेल," मास्तर म्हणाले.

"शनिवार लांब आहे," मेहरुन्निसा म्हणाली. "मी परवाच येते. तुम्ही टेबल मोकळं ठेवा."

रात्री बद्रुद्दीन म्हणाला, मालेगावला भावाकडे निघून जाऊ, तिथे कुणी ओळखत नाही. "गेलो तर चोर म्हणून गेलो," ती म्हणाली आणि सकाळी उठून खाटकाकडून बकऱ्याची अख्खी मान घेऊन आली.

ठरल्या दिवशी ती शाळेत गेली. एकटीच. शास्त्राच्या खोलीत सांगाडा टेबलावर होता, मास्तर खुर्चीवर आणि बुधा दाराशी. तिने फडकं सोडलं. आत बकऱ्याचे मानेचे सात मणके आणि एक रॉकेलची चिमणी. मास्तरांनी झटकन धोतराचा सोगा सावरला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "शिजवून, चुन्यात घालून, उन्हात वाळवून आणलेत. आता नुसती हाडं आहेत. आमच्या घरच्यांनी सांगितलंय तसं दाखवते."

तिने चिमणी पेटवली, काच धरून काजळी काढली. "हे बकऱ्याचे सात. यातला पाचवा मी चोरला समजा." पाचवा मणका उचलून तिने ओच्यात टाकला. चौथ्याला काजळी लावून सहाव्याशी भिडवला. "बघा." एका बाजूला कोपऱ्यात डाग, दुसरी बाजू कोरी. मग ओच्यातला मणका काढून जागेवर ठेवला आणि पुन्हा काजळी लावली. चौथ्याचं काळं पाचव्यावर उठलं, पाचव्याचं सहाव्यावर, पूर्ण. "हाड असं असतं, मास्तरसाहेब. शेजारी कोण होतं ते विसरत नाही."

मास्तर खुर्चीतून उठले.

ती सांगाड्याकडे वळली. सहावा मणका सैल केला, काजळी लावली, बरगडीच्या पहिल्या मणक्याशी दाबला आणि उचलला. काठोकाठ काळं. मग आपला खोटा मणका मध्ये घालून दाबला. तीन ठिपके.

"मला करू द्या," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतः केलं. एकदा केलं, दोनदा केलं, बोटं काळी झाली, धोतर काळं झालं, त्याची शुद्ध त्यांना राहिली नाही. मग ते कपाटाशी गेले आणि पुस्तक घेऊन आले. "पण इथे लिहिलंय, बाई. अंगावर पाजणाऱ्या प्राण्यांच्या मानेत सात मणके असतात. उंदरापासून जिराफापर्यंत."

"या समुद्रगायीबद्दल किती लिहिलंय त्यात?"

मास्तरांनी पानं उलटली. "एक ओळ आहे."

"त्या ओळीत मान आहे का?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"मग या पुस्तकाने हिची मान मोजलेली नाही. मी मोज..." ती थांबली. "आमच्या घरच्यांनी मोजलीय."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "मग तो खोटा केलात कशाला?"

"भीतीने," ती म्हणाली. "तुम्ही चोर म्हणाल म्हणून. आणि तुम्ही म्हणालातच की."

"आणि मग काढलात कशाला? मी तर सात मोजून खूश होतो."

"खोटा होता म्हणून."

मास्तरांनी पुस्तक कपाटात ठेवलं. मग म्हणाले, "मी मुंबईला लिहितो. तिथे प्राण्यांचे सांगाडे ठेवतात, जाणकार माणसं आहेत. उत्तर येईपर्यंत हा चादरीखाली राहील, आणि चौकीचंही थांबवतो. पण बाई, सात असं उत्तर आलं तर?"

"तर तुम्हाला चौकीपर्यंत चालायला लावणार नाही. मी स्वतः जाईन."

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते बद्रुद्दीनच्या घरालाच ठाऊक. संमेलन झालं, सांगाडा चादरीखालीच राहिला. फणी घ्यायला कुणी येईना. पंचवटीचा एक भाजीवाला, ज्याच्या चार सुऱ्यांना याच घरच्या मुठी होत्या, तो दुकानावरून मान वळवून गेला. पोरं "हाडचोर" म्हणून ओरडून पळायची. बद्रुद्दीन हळूहळू फळीवर यायचा बंद झाला. मेहरुन्निसा मात्र रोज दुकान उघडायची, फळी पुसायची, फण्या मांडायची आणि आत जाऊन करवत चालवायची. करवतीचा आवाज मुद्दाम गल्लीत ऐकू जाईल असा. माल विकला जात नव्हता, तरी ती दात पाडतच होती.

आणि मग एका दुपारी गायधनी मास्तर आले. हातात पत्र. मागे बुधा, खाली मान घालून. मास्तर दुकानात शिरले नाहीत, गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि वर्गात वाचतात तशा आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. मॅनाटीच्या मानेत सहाच मणके असतात. अंगावर पाजणाऱ्या प्राण्यांत असा अपवाद जगात दुसरा म्हणजे झाडावर उलटं लटकणारं एक आळशी जनावर, बस्स. ज्या कारागिराने केवळ सांधे पाहून हे ओळखलं त्याच्या हातांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

फळ्यांवरची माणसं पुन्हा उठून उभी राहिली. यावेळी कुणी "तरीच" म्हणालं नाही. मेहरुन्निसा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मास्तर दुकानापाशी आले. बद्रुद्दीन आवाज ऐकून बाहेर फळीवर येऊन बसला होता, मांडीवर शाल. मास्तरांनी हात जोडले. "बद्रुद्दीनभाई, मी सगळ्यांदेखत तुम्हाला चोर म्हणालो, आता सगळ्यांदेखत माफी मागतो. सांगाड्याखाली पाटी लावायचीय. तुमच्या या हातांनी..."

"थांबा, मास्तर," बद्रुद्दीन म्हणाला.

मेहरुन्निसेला कळलं तो काय करणार ते. "अजी, राहू द्या," ती घाईने म्हणाली. पण तिचा हट्ट त्याला एकदाच लागायचा होता, तो नेमका त्या दिवशी लागला.

त्याने शाल काढली आणि बाजूला ठेवली. दोन्ही हात पुढे धरले, सगळ्या गल्लीला दिसतील असे. ते थरथरत होते, बोटं एकमेकांवर आपटत होती. तीन वर्षांत गल्लीत कुणी ते हात पाहिले नव्हते.

"या हातांनी मला चहाची बशी धरवत नाही, मास्तर," तो म्हणाला. "तीन वर्षांत या दुकानातून जी फणी गेली, जी मूठ गेली, ती हिच्या हातची. मणका हिने मोजला. खोटा हिने केला, तो मी घाबरलो म्हणून. काढला तो मात्र मी नको म्हणत असताना."

मान वळवून गेलेला तो भाजीवालासुद्धा टोपली घेऊन तसाच उभा राहिला. बुधाने डोळ्याला पटक्याचं टोक लावलं. मेहरुन्निसा पुढे झाली, तिने नवऱ्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि घट्ट धरले. तिच्या हातांत ते स्थिर झाले.

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली, पत्राची पाठ कोरी होती ती वर केली. "बाई," ते म्हणाले, "इतके दिवस मी विचारलंच नाही. तुमचं नाव काय?"

तिने नाक ओढलं आणि ती म्हणाली, "नाव मागून लिहा, मास्तरसाहेब. आधी लिहा, मानेत सहा."